कुंपणावरचा लाल डोक्याचा सरडा: त्याला पकडून दूर सोडावं का?

प्रश्न असा आहे: अंगणाच्या कुंपणावर महिनाभर रोज एकच सरडा दिसतो. डोकं आणि गळा लालभडक. माणूस जवळ गेला की मान खालीवर करतो. घरात लहान मूल आहे. तो विषारी आहे का, रक्त शोषतो हे खरं का, लाल कशामुळे होतो आणि त्याला पकडून लांब रानात सोडून आलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तेच तातडीचं आहे. त्याला कुठेही नेऊन सोडू नका. तो विषारी नाही आणि रक्तही शोषत नाही. हाताने धरलात तर चावेल. त्याचे दात बारीक आणि जबड्याच्या कडेला घट्ट जोडलेले असतात. पकड चिवट असते, पण जखम ओरखड्यापलीकडे सहसा जात नाही. साबणाने धुऊन टाकावी. मुलाला एवढंच शिकवा की बघायचं, धरायचं नाही. मी गेली वीसेक वर्षं सरडे बघतोय. न पकडलेला सरडा आपणहून येऊन माणसाला चावला, असं एकदाही पाहिलेलं नाही.

रक्त शोषण्याची गोष्ट आली ती लाल गळ्यावरून. इंग्रजीतही लोक त्याला ब्लडसकर म्हणत आले, आणि त्या नावाला आधार फक्त रंगाचा आहे. गळा फुगतो, लाल होतो, जबडा उघडमीट होतो. लांबून बघणाऱ्याला तो काहीतरी पितोय असं वाटलं, त्यात नवल नाही.

हा आपला नेहमीचा बागेतला सरडा. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी 1802 साली त्याचं वर्णन केलं आणि 'व्हर्सिकलर' म्हणजे रंग बदलणारा असं नाव दिलं. कॅलोटिस व्हर्सिकलर हे नाव इराणच्या आसपासपासून आग्नेय आशियापर्यंतच्या सरड्यांना सरसकट लावलं जात होतं. 2021 मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिलं की या एका नावाखाली निरनिराळ्या जाती दडलेल्या आहेत. बागेत बघणाऱ्याला मात्र ओळख पटायला अडचण नाही. डोक्यामागून पाठीवर उतरणारा काटेरी तुरा, कानाच्या पडद्याच्या जरा वर दोन छोटे काट्यांचे झुबके, आणि शेपटी धडाच्या दुप्पट किंवा त्याहूनही लांब. बाजूच्या खवल्यांची टोकं मागे आणि वर वळलेली असतात, हे नीट बघा. नराचे गाल भरलेले असतात, मादीचं डोकं निमुळतं. मादीच्या आणि पिल्लांच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी फिकट पट्टे दिसतात.

एक गोंधळ इथेच मिटवतो. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा, लांबलचक जीभ फेकून किडे पकडणारा आणि शेपटी गुंडाळून चालणारा तो सरडगुहिरा, म्हणजे शॅमेलिऑन. तो झाडीत संथपणे फिरतो आणि क्वचितच नजरेस पडतो. तुमच्या कुंपणावरचा तो नाही. याची जीभ आखूड आणि जाड असते. भक्ष्यापर्यंत पोचायला त्याला स्वतःलाच धाव घ्यावी लागते.

आता रंग. सरडा ज्यावर बसतो त्याचा रंग घेतो, ही समजूत इतकी पक्की आहे की भाषेतही उतरली. संधिसाधू माणसाला आपण सरडा म्हणतो. या प्राण्याच्या बाबतीत ते खरं नाही. करड्या भिंतीवर लालबुंद डोकं घेऊन बसणारा प्राणी लपत असेल का? तो उलट स्वतःला दाखवत असतो.

त्याच्या कातडीत काळ्या रंगद्रव्याच्या पेशी असतात. त्यांतले कण पसरले की अंग गडद दिसतं, एका जागी गोळा झाले की फिकट. हे कण कधी पसरतील, ते ऊन, भीती आणि संप्रेरकं ठरवतात. सकाळी थंडीने आखडलेला सरडा जवळजवळ काळपट असतो. तो अंग चपटं करून कूस उन्हाकडे धरतो, कारण गडद अंग लवकर तापतं. तासाभरात उष्णता पुरेशी झाली की तोच सरडा फिकट पिवळसर दिसायला लागतो. दुपारी ऊन सोसेनासं झालं की चारही पाय ताठ करून पोट भिंतीपासून उचलतो, तोंड उघडं ठेवतो आणि शेवटी सावलीत सरकतो. डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये जरा मागे, एक खवला मण्यासारखा वेगळा दिसेल. त्याखाली प्रकाश जाणणारा तिसरा डोळा आहे. त्याला चित्र दिसत नाही. किती ऊन घेतलं आणि दिवस किती मोठा आहे, याचा अंदाज तो शरीराला देत राहतो.

लाल रंग वेगळा. तो ऋतूचा आहे. उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळा सरेपर्यंत वीण चालते, आणि त्या काळात नराचं डोकं, खांदे आणि छाती केशरी ते गडद लाल होते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळा डाग उमटतो. हा रंग अंगरख्यासारखा दिवसभर तसाच राहत नाही. दुसरा नर दिसला की काही सेकंदांत पेटतो. मी अनेकदा पाहिलंय की दोघांची झटापट झाली की जिंकलेला तसाच लाल राहतो, आणि हरलेला खाली उतरता उतरताच विटका, मातकट होत जातो. त्याचा पराभव त्याच्या कातडीवर वाचता येतो. म्हणूनच मला रंग बदलणं म्हणजे फसवणूक असं कधी वाटलं नाही. एवढ्या उघडपणे मनातलं सांगणारे प्राणी थोडे.

मान खालीवर करणं, पुढच्या पायांवर अंग उचलून जोर काढणं, गळ्याची पिशवी फुगवणं, तुरा ताठ करणं, हे सगळं त्याच बोलण्याचा भाग. तालमीतले जोर आठवावेत इतकं ते हुबेहूब असतं. नरासमोर त्याचा अर्थ 'ही जागा माझी', मादीसमोर 'मी इथे आहे, बघ'. माणसासमोर तो जोर काढतो, कारण तुम्हीही त्याच्या हद्दीत शिरलेला एक मोठा प्राणी आहात. हल्ल्याची तयारी म्हणून त्याकडे बघू नका. आणखी दोन पावलं पुढे टाकलीत तर तो खांबाच्या पलीकडच्या बाजूला जाईल आणि खांब मध्ये ठेवून तुमच्यासोबत गोल फिरेल. तुम्ही डावीकडे वळलात की तो उजवीकडे. नुसतं डोकं बाहेर काढून अंदाज घेत राहील. हे मुलाला जरूर दाखवा.

हद्दीबद्दल सांगतो, कारण सोडून येण्याचा प्रश्न इथेच सुटतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण कमी कुवतीच्या माणसासाठी वापरतो. पण ती ज्याने केली त्याने सरडा नीट पाहिला होता. एका हंगामात मी एका नरावर रोज नजर ठेवली होती. त्याच्या शेपटीचा शेवटचा भाग तुटलेला होता, त्यामुळे ओळख चुकण्याचा प्रश्न नव्हता. पालीची शेपटी तुटते, वळवळते आणि पुन्हा येते. या सरड्याचं तसं नाही. तो शेपटी आपणहून टाकत नाही, आणि तुटली तर ती नव्याने वाढत नाही. माझा हा बांड्या नर एप्रिलच्या अखेरीला एका शेवग्याच्या खोडावर दिसला. तिथून मेंदीच्या कुंपणाचा दहा-बारा पावलांचा तुकडा आणि एक दगडी गडगा, एवढंच त्याचं राज्य. सकाळी आठच्या सुमारास गडग्यावर ऊन खात बसायचा, नऊ-साडेनऊला शेवग्यावर माणसाच्या उंचीएवढा चढायचा, दुपारी मेंदीत दिसेनासा व्हायचा, चारनंतर परत खोडावर. पावसाची पहिली मोठी सर येऊन गेल्यावरही त्याच जागा, त्याच क्रमाने. मेंदीच्या पलीकडच्या टोकाला दुसरा नर होता. दोघांची शीव एका वाळक्या फांदीपाशी होती. ती ओलांडली की जोर सुरू व्हायचे. जूनमधल्या एका दुपारी दोघे जबड्याला जबडा लावून खाली पडले, आणि माझा बांड्या कडेला येऊन बराच वेळ धापा टाकत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा गडग्यावर होता.

अशा प्राण्याला पिशवीत घालून रानात सोडलं तर काय होईल, याचा विचार करा. कोणत्या फटीत पहाटे सुरक्षित राहता येतं, कुठे सकाळचं ऊन आधी येतं, कोणत्या खोडावर मुंग्यांची रांग चढते, कोणत्या बाजूने मांजर येतं, हे त्याने महिन्यामहिन्यांनी शिकलेलं असतं. ते सगळं ज्ञान त्या कुंपणाचं आहे, रानात त्याचा उपयोग नाही. रानातल्या प्रत्येक बऱ्या खोडावर आधीच एखादा नर बसलेला असतो आणि तो याला टिकू देत नाही. तुमच्या कुंपणावरची जागाही रिकामी राहत नाही, शेजारचा नर काही दिवसांत ती घेतो. म्हणजे तुमच्याकडे सरडा राहणारच, फक्त एक मेलेला असेल.

मुळात जिथे तो नव्हता तिथे माणसामुळे पोचला, की उलटा प्रकार होतो. सिंगापूरमध्ये हा सरडा 1980 च्या दशकात उत्तरेकडून येऊन पसरला, आणि तिथल्या बागांमधून मूळचा हिरवा तुरेवाला सरडा मागे हटून दाट झाडीत गेला. उघड्यावर, माणसाच्या आसपास तगून राहण्यात याचा हात धरणारे कमी.

भीती, अन्न आणि रंग यांचं नातं किती घट्ट असतं, याचं फार सुंदर उदाहरण साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर आहे. तिथला सरडा हा तुमचा नव्हे, जमिनीवर राहणारा त्याचा भाऊबंद आहे. नराच्या गळ्याखाली निळा, काळा आणि केशरी असा पंखा असतो, तो उघडमीट करत तो दगडावर उभा राहतो. 2016 मध्ये या गटाला वेगळी प्रजाती (इंग्रजीत जीनस, म्हणजे जवळच्या जातींचं कूळ) म्हणून मान्यता मिळाली, आणि तिचं शास्त्रीय नावच 'सराडा' ठेवलं गेलं, आपल्या मराठी सरड्यावरून. चाळकेवाडीच्या जातीचं नाव सराडा सुपर्बा. या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि त्याशेजारचा मोकळा भाग यांची तुलना केली. ते काम 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. त्यामुळे सरडे वाढले. ते माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं. पण गर्दी वाढल्याने अन्नाची ओढाताण झाली, सरडे अंगाने रोड झाले आणि नरांचे रंगही फिके पडले. पाती फिरतात आकाशात, ससाणे-शिक्रे तिथून हटतात, आणि परिणाम दिसतो दगडावरच्या एका सरड्याच्या गळ्यावर. मला हा अभ्यास पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

तुमचा सरडा खातो काय? मुंग्या, नाकतोडे, रातकिडे, भुंगेरे, पतंग, अळ्या, कोळी. प्रसंगी लहान पालीही, आणि स्वतःच्या जातीचं पिल्लू समोर आलं तर तेही. तो शोधत हिंडत नाही. उंच जागी बसून खाली नजर लावतो आणि हालचाल दिसली की झेप घेतो. म्हणून त्याला कुंपणाचा खांब किंवा खोडाची उघडी बाजू हवी असते.

त्याला खाणारे तर भरपूर आहेत. भारद्वाज झुडपातून चालत येऊन उचलतो. शिक्रा, खंड्या, कावळा, खाटिक पक्षी, मुंगूस, धामण हे तर आहेतच. हरणटोळ फांदीसारखा लोंबत राहून नेमका यालाच पकडतो. खाटकाने बाभळीच्या काट्याला टोचून ठेवलेलं सरड्याचं पिल्लू मी दोनदा पाहिलं आहे. आणि या सगळ्यांत घरातलं मांजर सगळ्यात वाईट, कारण ते भूक नसतानाही मारतं.

रात्री एक गंमत बघा. जेवणानंतर टॉर्च घेऊन त्याच कुंपणाशी जा. दिवसा शोधून न सापडणारा सरडा अंधारात सहज दिसतो, कारण झोपेत त्याचं अंग फिकट, पांढुरकं होतं आणि उजेडात चमकतं. तो जाड फांदीवर झोपत नाही. बारीक, लवचीक डहाळीच्या टोकाशी अंग लांबवून पडतो, मागचे पाय सैल, शेपटी खाली लोंबलेली. साप किंवा उंदीर डहाळीवर चढला की ती हलते, तोच त्याचा पहारा. तुम्ही फांदीला हात लावलात तर तो झोपेतच खाली टपकेल आणि गवतात नाहीसा होईल, म्हणून फक्त बघा. टॉर्चही फार वेळ धरू नका.

आता मादीचं सांगतो. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण ती लाल होत नाही. पावसाने जमीन भिजली की ती मोकळी, ओलसर, जरा उघडी जागा शोधते. फुलझाडाच्या वाफ्याची कडा तिला फार आवडते. मी एकदा साडेतीन तास एका मादीसमोर बसलो होतो. तिने पुढच्या पायांनी माती उकरून मागच्या पायांनी मागे ढकलली. खड्डा तिच्या डोक्यापासून कमरेपर्यंत मावेल एवढा खोल झाल्यावर ती वळली, मागचा भाग आत सोडला आणि डोळे अर्धवट मिटले. एकेक अंडं घालताना कूस आकसताना दिसत होती. मग ती पुन्हा वळली, माती ओढली आणि नाकाड्याने ठोकून ठोकून दाबली. दहा-पंधरा वेळा ठोकायचं, थांबून इकडेतिकडे बघायचं, परत ठोकायचं. शेवटी वरची माती आजूबाजूच्या मातीत अशी मिसळली की ती निघून गेल्यावर मलाच जागा खूण केल्याशिवाय सांगता आली नसती. नाकाच्या टोकाला चिखल तसाच ठेवून ती मेंदीत शिरली आणि तिचं काम संपलं. अंड्यांकडे ती परत येत नाही.

एका वेळी सहसा दहा ते वीस अंडी असतात. कवच चामड्यासारखं मऊ असतं आणि मातीतलं पाणी शोषून अंडं फुगतं. म्हणून कोरड्या मातीत अंडी घालून उपयोग नाही. पाऊस लांबला तर काय? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात या सरड्याच्या प्रजननावर वर्षानुवर्षं काम झालं आहे. त्यातून दिसलं की योग्य जागा मिळाली नाही तर मादी तयार अंडी पोटातच महिनेमहिने रोखून धरू शकते. आतल्या गर्भाची वाढ एका टप्प्यावर थांबते, आणि अंडी मातीत गेली की पुढे सुरू होते. नराचं बीजही ती शरीरात साठवून ठेवते. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या प्राण्याने याहून चांगली तजवीज काय करावी!

पिल्लू नर होणार की मादी, यात मातीच्या उष्णतेचा हात असतो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या सरड्याचा क्रम फार विलक्षण निघाला. थंड मातीत बहुतेक माद्या, थोडी ऊब वाढली की नर, आणखी वाढली की पुन्हा माद्या, आणि त्याहून वर गेली की परत नर. काही अंशांच्या फरकात चार पायऱ्या. मादी उन्हाची किंवा सावलीची कडा निवडते तेव्हा एका अर्थाने पुढच्या पिढीतल्या नर-माद्यांचं प्रमाणच ठरत असतं. झाड तोडून वाफा उघडा केला की ते गणितही हलतं.

दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात, शेपटीसकट बोटभर. पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः पकडून खातात. त्यातली थोडीच वर्षभर जगून वयात येतात.

तेव्हा तुमच्या अंगणात करण्यासारखं एवढंच. पावसाळ्यात वाफा खणताना पांढरी लांबट अंडी निघाली तर ती उलटीपालटी करू नका. वरची बाजू वरच ठेवून तशीच ओलसर मातीने झाका. आतला गर्भ कवचाच्या एका बाजूला चिकटलेला असतो आणि अंडं फिरलं तर दगावतो. झाडांवर कीटकनाशक मारणार असाल तर कुंपणाचा तेवढा भाग वगळा. मरणारे किडे तोच खातो. वेलींवर टाकायची बारीक नायलॉनची जाळी जमिनीपर्यंत सोडू नका. त्यात अडकून सुकलेले सरडे मी दर वर्षी सोडवतो, आणि बहुतेकदा उशीर झालेला असतो. मांजर असेल तर सकाळी आठ ते दहा या वेळात ते घरात राहील असं बघा. त्या वेळी सरडा ऊन खात असतो, अंग पुरतं तापलेलं नसतं, त्यामुळे पळ संथ असतो.

पावसाळा सरला की लाल उतरेल आणि तो करड्या-तपकिरी रंगात साधासा दिसायला लागेल. थंडीत काही दिवस दिसणारही नाही, कुठल्या तरी फटीत पडून असेल. मुलाला एक वही द्या आणि तो रोज किती वाजता, कुठल्या खांबावर दिसला ते लिहायला सांगा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खांबावर लाल डोकं दिसलं तर शेपटीचं टोक आणि तुऱ्याचे काटे आधीच्या फोटोशी ताडून बघा, आणि तोच आहे का ते मला जरूर कळवा.